नवउद्योजकांसाठीच्या चार सरकारी सेवा: तासगावच्या वर्कशॉपमधून

'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता, पेटंट अर्जाच्या फीमधली सवलत, राज्य सरकारचा पेटंट खर्चाचा परतावा आणि शेतीयंत्राची अधिकृत चाचणी, या चार सेवांबद्दल लिहिते आहे. हॉटेल, मोबाइल, मिक्सर यांचे अनुभव लोक भरभरून लिहितात. पण नवं काही बनवणाऱ्यांसाठी सरकारने ज्या सोयी केल्यात, त्या तालुक्याच्या गावातून वापरताना कशा लागतात हे मराठीत शोधायला गेलं की फक्त जाहिराती आणि 'अर्ज कसा करावा' सांगणारे मजकूर सापडतात. आम्ही यातल्या दोन सेवा पूर्ण वापरल्या आणि उरलेल्या दोन्हींच्या दारापर्यंत जाऊन आलो. पहिल्या दोन चांगल्या आहेत, खरंच चांगल्या. उरलेल्या दोन ज्यांनी आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखं वर्कशॉप नव्हतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी आम्ही कोण ते सांगते. आमचं तासगाव तालुक्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेच्या मांडवाचे अँगल, बेदाणा शेडचे सांगाडे आणि रॅक, ट्रॉलीची कामं, ब्लोअरची दुरुस्ती. लेथ आणि वेल्डिंग माझे मिस्टर आणि भाऊजी बघतात. हिशेब, जीएसटी, कोटेशन, बँक हे लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

बेदाणा कसा होतो हे सांगली, सोलापूरकडच्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: घड क्रेटमध्ये घ्यायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, निथळू द्यायचे आणि शेडमधल्या जाळीच्या कप्प्यांवर पसरायचे. त्या पाण्याने मण्यावरचा मेणाचा थर मोकळा होतो आणि माल दोन-तीन आठवड्यांत सुकतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. हे बुडवण्याचं काम बहुतेक शेडवर बायका करतात आणि ते पाणी क्षारी असतं. हंगाम संपत आला की त्यांच्या बोटांची कातडी सोललेली असते. हातमोजे दिले तर ओल्या क्रेटवर पकड बसत नाही, म्हणून तासाभरात काढून ठेवले जातात. वरच्या कप्प्यांपर्यंत भरलेला ओला क्रेट उचलून देणं हे आणखी वेगळं.

त्यावर आम्ही एक गाडी केली. क्रेट ठेवायचा, पायाने दाबायचं, तो टाकीत बुडतो, वर येतो, तिरका होऊन निथळतो, आणि मग हाताच्या चाकाने हव्या त्या कप्प्याच्या उंचीला जातो. उचलण्याची यंत्रणा भाऊजींची. निथळलेलं पाणी गाळून परत टाकीत नेणारी पन्हळ माझी कल्पना, कारण डिपिंग ऑइलची बिलं मी बघत होते. मोटार नाही, बॅटरी नाही. बहुतेक शेड माळावर असतात आणि तिथली वीज सांगून येत नाही, म्हणून मुद्दामच ठेवली नाही.

'स्टार्टअप इंडिया' 16 जानेवारी 2016 ला सुरू झालं. त्याची मान्यता केंद्राच्या उद्योग विभागाकडून मिळते, अर्ज ऑनलाइन असतो आणि एक रुपयाही लागत नाही. हे ठळकपणे सांगते, कारण आमच्या भागात यासाठी पैसे मागणारे एजंट फिरतात. कागदपत्रं मोजकी, प्रमाणपत्र ऑनलाइन, कुणाच्या टेबलापुढे उभं राहायचं नाही.

अट मात्र नीट वाचावी. एकट्याच्या मालकीचा धंदा, म्हणजे प्रोप्रायटरशिप, यात बसत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. आता तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यातली वर्कशॉप आठवून बघा. त्यातली बहुतेक एकाच माणसाच्या नावावर आहेत. वडिलांच्या नावाने पाटी लागली, मुलाने शेजारी दुसरा लेथ टाकला, पाटी तीच राहिली. हा माणूस सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करू शकतो, नवं युनिट काढायचं तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्ज मागू शकतो, पण त्याने कितीही नवं यंत्र केलं तरी सरकारच्या लेखी तो स्टार्टअप नसतो. चालू धंद्याचे तुकडे करून किंवा त्याची पुनर्रचना करून नवी संस्था काढली तर तीही चालत नाही. पळवाट बंद करण्यासाठी हे कलम घातलं असणार आणि शहरात ते योग्यही असेल. इथे नवी कल्पना जुन्या वर्कशॉपच्या पोटातच जन्मते. तिला वेगळं नाव, वेगळं खातं, वेगळी जागा दाखवायची कुठून?

आम्ही सीएंच्या सल्ल्याने माझी आणि भाऊजींची नवी नोंदणीकृत भागीदारी केली, फक्त या गाडीसाठी. वर्कशॉप मिस्टरांच्या नावावर तसंच राहिलं. भागीदारीचा वार्षिक खर्च कंपनीपेक्षा बराच कमी येतो. ज्यांना नुसती मान्यता हवी आहे आणि बाहेरचा गुंतवणूकदार लगेच आणायचा नाही, त्यांनी कंपनी काढण्याची घाई करू नये. राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना 1 लाख ते 25 लाखांपर्यंत मदत देते आणि तिथे महिलेचा वाटा निदान 51 टक्के लागतो. घरातली बाई खरंच कामात असेल तर भागीदारीचा करार लिहितानाच याचा विचार करा. नंतर बदलायचं म्हणजे घरात उगाच शब्दाला शब्द.

आता पेटंटची फी. चारांतली ही सर्वांत चांगली सेवा, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योग यांना पेटंट अर्जाची ऑनलाइन फी 1,600 रुपये आहे. मोठ्या कंपनीला 8,000. पूर्ण तपशील तयार नसेल तर आधी तात्पुरता अर्ज टाकून तारीख पक्की करता येते आणि 12 महिन्यांत पूर्ण अर्ज भरायचा असतो. त्या पूर्ण अर्जाला पुन्हा मूळ फी लागत नाही, 30 पानं आणि 10 दावे (आपल्या यंत्रात नेमकं काय नवं ते सांगणारी कलमं) यांच्यापुढे गेलात तरच जादा पैसे. एरवी अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, लवकर हवा असेल तर 2,500 रुपये. तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते: साधी 4,000, लवकरची 8,000. लवकरच्या तपासणीला मोठी कंपनी पात्र ठरली तर तिला 60,000 पडतात. आणि 2019 पासून एक फार चांगला नियम आहे. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांच्यात एक जरी स्त्री असेल, तरी लवकरच्या तपासणीचा हक्क मिळतो.

आमच्या अर्जावर माझं आणि भाऊजींचं अशी दोन नावं आहेत. पन्हळीची कल्पना माझी होती म्हणून माझं नाव आहे. आमचा अर्ज लिहिणाऱ्या पेटंट एजंटांनी हा नियम सांगितला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. अर्ज, लवकर प्रसिद्धी आणि लवकरची तपासणी मिळून सरकारला भरायची रक्कम 12,100 रुपये. मोठ्या कंपनीला हेच 80,500 ला पडलं असतं. ही सवलत मिळवायला कुठलंही शिफारसपत्र लागलं नाही, समितीपुढे सादरीकरण नाही, मंजुरीची वाट नाही. खिडकीवरच फी कमी. पेटंट मिळाल्यावर ते चालू ठेवायची फीसुद्धा तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी आमच्यासारख्यांना वर्षाला 800 रुपये आहे.

पेटंटचं मुंबई कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड एवढा सगळा पसारा त्याच्याकडे येतो. पण आम्हाला मुंबई बघावी लागली नाही. अर्ज ऑनलाइन, तपासणी अहवाल ऑनलाइन, उत्तर ऑनलाइन, सुनावणी लागली तर व्हिडिओवर. तपासणी अहवालात परदेशातल्या जुन्या पेटंटांचे दाखले देऊन आमचे काही दावे अडवले होते. पहिल्यांदा वाचताना छातीत धस्स झालं. मग भाऊजींनी ती चित्रं एकेक करून बघितली आणि आमची उचलणी कुठे वेगळी आहे ते वहीत काढून दिलं. आक्षेप नेमके होते, आमची गाडी समजून घेऊन काढलेले होते. कुणीतरी आपलं काम एवढ्या बारकाईने वाचलं याचा मला आदर वाटतो. दावे आखडते घेऊन उत्तर दिलं आहे, निर्णय यायचा आहे.

याच सेवेतली एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, मराठी चालत नाही. फी 1,600 केली, पण यंत्र नेमकं कसं चालतं हे कायद्याच्या इंग्रजीत मांडायला एजंट लागतोच, आणि त्याचं बिल सरकारी फीच्या कितीतरी पट होतं. मान्यताप्राप्त स्टार्टअपने संस्थेच्या नावाने अर्ज केला तर केंद्राच्या योजनेत अर्जाचं काम करून द्यायला नेमलेल्या मदतनीसाची फी सरकार स्वतः त्याला देतं, हे फार छान आहे. आमचा अर्ज आमच्या दोघांच्या नावावर असल्याने आम्ही त्यात नव्हतो. पूर्ण अर्ज इंग्रजीत मागा, माझी हरकत नाही. पण तात्पुरता अर्ज तरी मराठीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये घ्यावा. त्याचं काम तारीख पक्की करणं एवढंच असतं. वर्कशॉपमधला माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, चित्रं काढून ते करू शकेल आणि इंग्रजीच्या खर्चासाठी त्याला पुढचं वर्ष मिळेल.

तारखेवर मी इतकी का अडून बसले आहे तेही सांगते. आपल्याकडे यंत्र तयार झालं की पहिलं काम म्हणजे ते चार लोकांना दाखवणं. कृषी प्रदर्शनात स्टॉल, मोबाइलवर व्हिडिओ, शेजारच्या शेडवर हंगामभर वापर. पण अर्जाच्या आधी वस्तू जगजाहीर झाली की तिचं नवेपण गेलं असं कायदा धरतो. सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांना काही सूट आहे, सरसकट प्रत्येक गावच्या मेळाव्याला नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत नवउद्योजकांची शिबिरं होतात. त्यांत यशोगाथांना दोन तास मिळतात, आणि ही एक गोष्ट सांगायला पाच मिनिटं मिळत नाहीत. ती पहिल्या पाच मिनिटांत सांगितली पाहिजे.

तिसरी सेवा राज्याची. महाराष्ट्राने 2018 मध्ये आपलं स्टार्टअप धोरण आणलं, त्यासाठी महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी स्थापन केली. तिच्यामार्फत स्टार्टअपला पेटंटच्या खर्चाचा परतावा मिळतो: खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत, देशातल्या पेटंटसाठी जास्तीत जास्त 2 लाख आणि परदेशातल्या पेटंटसाठी 10 लाख. आकडे वाचून कुणालाही आनंद होईल, मलाही झाला. हेतू चांगला आहे आणि रक्कमही कंजूष नाही.

पण तो परतावा आहे. आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं जोडायची, मग पैसे येणार. बागायती भागात पैसा कसा फिरतो हे माहीत असलेल्या कुणी हे कलम लिहिलं असतं तर ते असं लिहिलं नसतं.

आमचं गिऱ्हाईक बेदाणा उत्पादक. तो डिसेंबर, जानेवारीत शेडची कामं सांगतो, कारण जानेवारी अखेरीपासून माल यायला लागतो. तेव्हा आम्ही स्टील उधारीवर आणून काम करून देतो. मार्च, एप्रिलपर्यंत बेदाणा तयार होतो, पण विकला जात नाही. तो शीतगृहात जातो. दर बघून, घरची गरज बघून सौद्याला थोडा थोडा काढला जातो. सणांच्या तोंडावर, दिवाळीच्या आधी मागणी चढते आणि तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो. मग तो आधी सोसायटीचं कर्ज फेडतो, औषधवाल्याला देतो, मजुरांची उचल भागवतो आणि मग आमच्याकडे येतो. तो बुडवत नाही. पण जानेवारीतलं आमचं बिल दिवाळीला मिळतं. मधल्या काळात आमच्याकडे जे असतं ते बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा आणि स्टीलवाल्याचा विश्वास. त्यातून एजंटची रक्कम काढून दीड-दोन वर्षं सरकारकडून येण्याची वाट बघत बसायची ताकद सूक्ष्म उद्योगात नसते. ज्याच्याकडे गुंतवणूकदाराचे पैसे आधीच आले आहेत त्याला परतावा म्हणजे बक्षीस. आमच्यासारख्याला तो जवळजवळ नसल्यासारखाच.

बदल अवघड नाही, केंद्राने मदतनीसाच्या बाबतीत तो करून दाखवला आहे. राज्याने उद्योजकाला एक कूपन द्यावं, ते त्याने एजंटला द्यावं, एजंटने काम पूर्ण करून नाविन्यता सोसायटीकडून पैसे घ्यावेत. तेच पैसे, तीच कागदपत्रं, फक्त वाट बघायची पाळी ज्याला परवडते त्याच्यावर.

आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यात याचं एक जुनं उदाहरण आहे. लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून जागा सोडून निघाले तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळजमीन आणि कर्ज दिलं. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन नासते असं तेव्हा शेतकरी म्हणत, नांगर विकले जायला वेळ लागला. औंधसारख्या छोट्या संस्थानाने जमीन आणि पैसा काम सुरू होण्याच्या आधी दिला आणि नांगर खपेपर्यंत धीर धरला. आधी नांगर विकून दाखवा, मग बिलं जोडा, असं म्हटलं असतं तर आज तो माळ माळच राहिला असता. नवउद्योजकतेवर धोरणं लिहिणाऱ्यांनी परदेशातली उदाहरणं जरूर बघावीत. आपल्या जिल्ह्यातलं हेही बघावं, कारण ते याच मातीत, याच गिऱ्हाइकांसमोर चाललेलं आहे.

चौथी सेवा, चाचणी. शेतकऱ्याला यंत्रावर सरकारी अनुदान मिळायचं तर त्या यंत्राला अधिकृत चाचणी केंद्राचा अहवाल लागतो. हे बरोबरच आहे. सरकारी पैशाने निकृष्ट लोखंड शेतकऱ्याच्या गळ्यात पडू नये. देशातलं जुनं मोठं केंद्र मध्य प्रदेशात बुधनीला आहे आणि आपल्या राज्यात राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत चाचणीची सोय आहे. तासगावहून राहुरी तीनशे किलोमीटरच्या वर. गाडी टेम्पोत घालून नेता येईल, अंतराची तक्रार मी करत नाही.

अडचण द्राक्षांची आहे. आमची गाडी तपासायला ताजे घड लागतात, तेही शेडच्या वेगाने, क्रेटवर क्रेट. ते फेब्रुवारी ते एप्रिल याच काळात आणि याच पट्ट्यात. एका सरकारी कार्यालयात विचारायला गेले तेव्हा अर्ज, फी, तारीख या क्रमाने सगळं व्यवस्थित सांगितलं गेलं. तारीख हंगामाबाहेरची आली तर काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिथली माणसं चांगली होती, त्यांनी चहा दिला, दुसऱ्या विभागाचा नंबर दिला. त्यांच्याकडच्या फॉर्ममध्ये 'हंगाम' असा रकानाच नव्हता, ते तरी काय करणार? पावसाळ्यात तारीख आली तर टाकीत रिकामे क्रेट बुडवून दाखवायचे का? आणि एक हंगाम चुकला की पुढची संधी वर्षाने. वर्ष गेलं की कुणीतरी आमच्या गाडीचे फोटो बघून तशीच हलक्या पाइपची गाडी निम्म्या किमतीत बाजारात आणतो.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. चाचणीची मानकं ओळखीच्या यंत्रांसाठी असतात: नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप. जे यंत्र आधी नव्हतंच, त्याला कुठल्या मानकाने मोजायचं? आम्हाला मोजून हवं ते असं: बायकांच्या हाताला क्षारी पाणी किती वेळ लागतं, एका दिवसात किती क्रेट होतात, डिपिंग ऑइल किती वाचतं, कंबरेवर किती ताण येतो. पाइपची जाडी आणि वेल्डची ताकद तपासा, जरूर तपासा, पण ज्या कारणासाठी यंत्र केलं ते कुणी मोजलंच नाही तर अहवाल कशाचा? हंगामात एक चाचणी पथक जिल्ह्यात यावं, दोन-चार शेडवर बसावं, कामावरच्या मावशींना विचारावं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या बेदाण्याच्या हंगामासाठी एक पथक मागणं हे काही जगावेगळं मागणं नाही.

मधे एका शहरातल्या इन्क्युबेशन केंद्रात, म्हणजे नवउद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रात, बोलावणं आलं म्हणून गेलो होतो. केंद्राचं नाव घेत नाही. इमारत सुंदर होती, तरुण मुलं मन लावून काम करत होती. आमच्यासमोर बसलेल्या मार्गदर्शकांनी गाडीचा व्हिडिओ बघितला आणि विचारलं की यात ॲप कुठे आहे. भाऊजींनी शांतपणे सांगितलं की शेडवर रेंज नसते. पुढचा प्रश्न होता की पाच वर्षांत देशभर किती विकाल. बेदाणा देशभर होत नाही. सांगली, सोलापूर, नाशिक आणि कर्नाटकात विजयपूरकडचा भाग, एवढाच आमचा देश. तिथल्या शेडवरच्या बायकांचे हात वाचले तर ते पुरेसं मोठं काम आहे असं मला वाटतं. धोरणात 'विस्तारक्षमता' म्हणून जे मोजलं जातं त्यात एका पिकाचा, एका पट्ट्याचा प्रश्न पूर्ण सोडवणाऱ्याला गुण मिळत नाहीत. आमच्यासारख्या भागातले बहुतेक प्रश्न असेच असतात.

याच संदर्भात एक चांगली योजना आवर्जून सांगते, कारण ती फारशी माहीत नसते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'निधी प्रयास' योजना नमुना यंत्र बनवण्यासाठी 10 लाखांपर्यंत अनुदान देते. हे पैसे कामाच्या आधी, हप्त्यांनी मिळतात आणि एकटी व्यक्तीसुद्धा अर्ज करू शकते. निवड नेमलेल्या इन्क्युबेशन केंद्रांमार्फत होते. आम्हाला ती कळली तेव्हा आमची गाडी बनून गेली होती, पुढच्या यंत्रासाठी मात्र अर्ज करणार आहोत. जिल्हा उद्योग केंद्रांच्या भिंतीवर ही योजना मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला हवी.

आणि जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाबद्दल कृतज्ञता. तिथल्या सरांनी आणि मुलांनी आमच्या उचलणीच्या दांड्यावरचा भार मोजून दिला, कुठे जाड पट्टी लागेल ते दाखवलं आणि कसलीही फी घेतली नाही. मुलांनी तोच विषय प्रकल्पासाठी घेतला. हे कुठल्याच धोरणात नव्हतं, ओळखीतून झालं. कॉलेजच्या प्रयोगशाळा आठवड्यातला एक दिवस वर्कशॉपवाल्यांसाठी खुल्या ठेवायच्या असं राज्याने ठरवलं तर फार मोठा खर्च नाही. यंत्रं तिथे आहेतच.

नवं शोधणारा म्हणजे लॅपटॉपवाला हे चित्र आमच्या तालुक्याला तर अजिबात लागू नाही. थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेतून निवड करून 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण तासगाव तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांनी दिला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' दिला. ही शेतकऱ्यांनी बागेत फिरून, डोळ्याने निवडून केलेली कामं, आणि त्यांवर हजारो कुटुंबं जगली. पिकांच्या वाणांच्या संरक्षणाचा कायदा 2001 मध्ये झाला, त्यात शेतकऱ्याच्या वाणाची वेगळी नोंद होते. ज्यांनी त्याआधी वाण दिले त्यांना त्याचा काय उपयोग? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 'एचएमटी' तांदूळ दिला, तो दुकानादुकानांत विकला गेला. 2005 मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, पण 2018 मध्ये ते गेले तोवर हलाखी संपली नव्हती. म्हणून फी कमी करणारी, हक्काची तारीख देणारी व्यवस्था मला इतकी मोलाची वाटते. ती गावापर्यंत पोचली पाहिजे, वेळेत पोचली पाहिजे, आणि गावाच्या भाषेत.

कुणी या हंगामाआधी काही नवं करत असेल तर आमच्या अनुभवावरून क्रम असा ठेवा. यंत्र शेडवर किंवा प्रदर्शनात नेण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज टाका. 1,600 रुपयांत वर्ष मिळतं. घरातल्या बाईचं काम त्यात असेल तर तिचं नाव घाला, कारण ते न्याय्य आहे आणि तपासणीही लवकर होते. 'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता स्वतः काढा, एजंटला पैसे देऊ नका. चाचणीचा अर्ज गणपतीच्या आधी करा आणि त्यात हंगामाच्या तारखा ठळक लिहून द्या. नमुना अजून बनवायचा असेल तर 'प्रयास'चा अर्ज आधी, वेल्डिंग नंतर. आणि राज्याच्या परताव्याच्या भरवशावर उसने पैसे काढू नका. बिलं मात्र सगळी जपून ठेवा. आमचीही फाइल तयार आहे. सीएंच्या म्हणण्यानुसार पेटंटचे हक्क आधी भागीदारी संस्थेच्या नावावर करून घ्यावे लागतील, तो करार झाला की अर्ज टाकणार. पैसे आले तर किती दिवसांत आले ते इथेच लिहीन.